सलगी आणि अवज्ञा

आषाढीच्या दर्शनबारीत जे एकदा उभे राहिले आहेत त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. रात्र बारीत जाते, दिवस बारीत उजाडतो, पाय भरून येतात, लेकरे खांद्यावर झोपी जातात. आणि गाभाऱ्यात पोचल्यावर त्या समचरणांवर डोके टेकायला मिळते ते किती वेळ? डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागची माणसे पुढे येतात. तरीही बाहेर आलेली म्हातारी पदराने डोळे पुसते आणि म्हणते, "भरून पावले गं बाई." एवढ्याशा भेटीत तिचे वर्ष निघते.

आता दुसरे चित्र पाहा. आपल्याच गावातल्या विठ्ठलमंदिरावरून आपण दिवसातून चार वेळा जातो. पहिल्या वेळी थांबून हात जोडतो. दुसऱ्या वेळी चालता चालता नुसती मान लवते. तिसऱ्या वेळी हात छातीपर्यंत जातो न जातो. चौथ्या वेळी देऊळ तिथे आहे हे ध्यानातसुद्धा येत नाही. विटेवर उभा आहे तो देव तोच, कटेवरचे हात तेच. मग बदलले काय? अतिपरिचयाने अवज्ञा होते असे जाणती माणसे म्हणत आली, ते हेच.

पण येथे आपल्यापुढे मोठीच अडचण उभी राहते. परिचयाने आदर कमी होतो हे जर खरे मानले, तर आपला सारा पंथच धोक्यात आहे म्हणायचे! कारण आपल्या पंथात नवे काय आहे? तीच वारी, तीच वाट, तेच मुक्काम. रोज तोच हरिपाठ, तीच काकड आरती, तोच टाळ, तीच पावली. आपल्या पूर्वजांनी नेमच असा घालून दिला की परिचय वाढतच जावा. त्यांना माणसाचे मन कळत नव्हते काय? कळत होते, आणि चांगले कळत होते. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू.

दोन म्हणी

आपल्या बोलण्यात दोन म्हणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, दुरून डोंगर साजरे. दुसरी, पिकते तिथे विकत नाही. वरवर पाहिले तर दोन्ही एकच सांगतात, की जवळ गेले की किंमत उतरते. पण नीट पाहिले तर दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डोंगराच्या गोष्टीत जवळ गेल्यावर आपल्याला खरे दिसले. लांबून निळाशार वाटला, जवळ गेलो तर दगड आणि काटे. येथे आदर कमी झाला तो योग्यच झाला. मुलामा दिलेले पितळ घासले की उघडे पडते, त्यात घासणाऱ्याचा काय दोष? एखाद्या बुवांचा बोलबाला ऐकून आपण भारावून जातो आणि चार दिवस सहवास घडला की ध्यानात येते की गोड बोलण्याखाली पैशाची हाव आहे. असा परिचय उपकारच करतो.

पिकते तिथे मात्र उलटे घडते. आंब्याच्या गावात आंबा आंबट झाला, असे काही नाही. आंबा तोच आहे, खाणाऱ्याची जीभ सवयीने बोथट झाली आहे. येथे परिचयाने काही दाखवले नाही, असलेले झाकले मात्र.

म्हणून कोणाविषयी आदर कमी होऊ लागला की स्वतःला एकच प्रश्न विचारावा : "मला यांच्यात नवा दोष दिसला, की नवे काहीच दिसले नाही?" नवा दोष खरोखरच दिसला असेल तर ते ज्ञान झाले. पण नवे काहीच दिसले नसेल आणि तरी आदर उतरला असेल, तर समजावे की उतार त्या माणसात नाही, आपल्या डोळ्यांत आहे. आपण पाहायचे थांबलो आहोत.

अर्जुनाची क्षमायाचना

या विषयाचा सर्वांत मोठा पाठ गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहून अर्जुनाची गाळण उडाली, हे आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. पण त्या भयातून त्याच्या तोंडी काय आले? एक्केचाळीस आणि बेचाळीस या श्लोकांत तो क्षमा मागतो. कशाबद्दल? युद्धाबद्दल नव्हे, एखाद्या महापातकाबद्दलही नव्हे. तो म्हणतो की मी तुला नुसता मित्र समजलो, अरे कृष्णा, अरे यादवा, अरे गड्या अशा हाका मारल्या. खेळताना, निजताना, बसता-उठता, जेवताना, एकान्तात आणि चारचौघांत तुझी थट्टा केली. म्हणजे परिचयाने घडलेल्या अवज्ञेची ती कबुली आहे.

आणि माउलींनी हे स्थळ काय रंगवले आहे! शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशाला सांगितलेल्या त्या ग्रंथात या दोन श्लोकांवर माउली थांबतात आणि अर्जुनाच्या तोंडी एकामागून एक दृष्टांत घालतात. त्यांचा भाव असा : आम्ही अमृत घेऊन अंगणात सडा घातला. परिसाचा खडक हाती लागला, तो फोडून बांधकामाच्या पायात भरला. कल्पतरू तोडून शेताला कुंपण केले. चिंतामणीची खाण सापडली आणि ते मणी आम्ही ओढाळ गुरे हाकलायला फेकले. देवा, तुझ्या जवळिकीचे आम्ही असे केले. तुला शिष्टाईला पाठवला, आमच्या क्षुल्लक कामांना जुंपला.

हे दृष्टांत सावकाश मनात घोळवा. यांतल्या एकातही अर्जुनाने परीस टाकून दिलेला नाही. त्याने तो वापरला आहे. कल्पतरूचा द्वेष केला नाही, त्याचे कुंपण केले. परिचयाच्या अवज्ञेचे खरे रूप हेच. ती शिव्या देत नाही, पाठ फिरवत नाही. ती थोराला लहान कामाला लावते आणि त्यातच त्याची किंमत संपली असे समजते. घरातली कर्ती बाई म्हणजे चहा करणारी, म्हातारा बाप म्हणजे दाराशी राखण बसणारा, ज्ञानेश्वरी म्हणजे देव्हाऱ्यातली लाल फडक्यात बांधलेली पोथी. आपण कोणाचाच अपमान केलेला नसतो. कुंपण मात्र केलेले असते.

नामदेवरायांचे कच्चेपण

कोणी म्हणेल, अर्जुन संसारी, क्षत्रिय. संतांचे असे होत नसेल. पण आपल्या परंपरेने ही गोष्ट संतांच्या बाबतीतही लपवून ठेवली नाही. नामदेवराय देवाचे केवढे लाडके! देव त्यांच्याशी बोले, त्यांच्या हातचा नैवेद्य खाई. अशा नामदेवरायांना संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने डोक्यावर थापटून पाहिले. इतर संत मुकाट बसले, नामदेवराय मात्र रागावले, आणि निवाडा झाला की हे मडके कच्चे आहे.

येथे प्रेम खोटे होते काय? मुळीच नाही. पण "देव माझ्या ओळखीचा" या भावनेत ओळखीचा म्हणजे माझ्या माहितीएवढाच, असे हळूच शिरते. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले, आणि नामदेवराय त्यांचे पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंडच उभी राहू लागली, तेव्हा ही माहिती फुटली. मग पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय आपल्याला भेटतात. पंढरीचा देव काही बदलला नव्हता. ओळख मात्र दुसऱ्यांदा झाली होती. आणि ज्याच्याशी देव बोलत होता त्याने शेवटी जागा कोणती घेतली? महाद्वारातली पायरी. इतकी सलगी आणि इतकी नम्रता एका ठिकाणी नांदते, हे आपण त्या पायरीशी वाकताना ध्यानात घ्यावे.

देहू आणि कोल्हापूर

तुकोबारायांच्या चरित्रात तर जवळची आणि दूरची माणसे समोरासमोरच उभी आहेत. मंबाजी गोसावी देहूत राहणारा, तुकोबांच्या कीर्तनाला येऊन बसणारा. त्याच्या कानांवर जे शब्द रोज पडत होते त्यांसाठी आज लाखो माणसे देहूची वाट चालतात. त्याच मंबाजीने काटेरी फांदीने तुकोबांना झोडपले. आणि बहिणाबाई कोल्हापुरात. तिने तुकोबांना पाहिलेले नव्हते. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांची पदे कानांवर पडली, तेवढ्यावर तिचा जीव लागला आणि ती देहूला आली.

याचा अर्थ जवळ असणे वाईट, असा करू नये. बहिणाबाई देहूत येऊन राहिली, तिने तुकोबांना रोज पाहिले, रोज ऐकले, आणि तिचा भाव उतरला नाही. मग मंबाजी आणि बहिणाबाई यांत अंतराचा फरक राहिला कोठे? फरक एवढाच की मंबाजी कीर्तनाला "आला काय, हा आपल्यातलाच वाणी" असे मनात धरून बसे, आणि बहिणाबाई काही घ्यायला बसे. ज्याला घ्यायचे आहे त्याला परिचय झाला तरी वस्तू जुनी होत नाही. तहानलेल्याला पाणी कधी जुने झाले आहे काय?

माझा एक अपराध

दुसऱ्यांचे सांगून झाले. आता माझे सांगतो, कारण तसे न केले तर हा लेख म्हणजे कोरडी पंडिताई होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझे प्रवचन होते. आई सोबत आली होती, बायकांच्या बाजूला बसली होती. प्रवचन संपल्यावर एका तरुण माळकऱ्याने विचारले, "महाराज, तुम्हांला हरिपाठाची गोडी कोणी लावली?" मी क्षणाचाही विचार न करता एका थोर कीर्तनकारांचे नाव घेतले. त्यांची प्रवचने मी दोन चातुर्मास ऐकली होती. सभेने माना डोलवल्या, मलाही बरे वाटले. घरी परतताना आई एवढेच म्हणाली, "चांगलं बोललास रे. घसा सुकला असेल, पाणी पी."

त्यानंतर काही वर्षांनी आई गेली. एका संध्याकाळी धाकट्या नातीने हट्ट धरला की आजोबा, मला हरिपाठ शिकवा. तुळशीपाशी बसलो, पुस्तक न घेता म्हणू लागलो. ती पोर पुस्तकात बोट ठेवून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आजोबा, इथे तुमचा शब्द निराळा आहे." पुढे आणखी एके ठिकाणी म्हणाली. पाहतो तो खरेच. आणि मग एकदम उमगले की हे दोन शब्द आई तसे म्हणत असे. ती जिथे श्वास घेई तिथेच मी श्वास घेत होतो. माउलींच्या हरिपाठाचे सत्तावीसही अभंग मला कोणा महाराजांनी शिकवलेच नव्हते. चुलीवर भाकरी टाकता टाकता, दिवा लावता लावता, ते तिने माझ्यात घातले होते. अक्षर न ओळखणाऱ्या त्या माउलीने मला परीस दिला, आणि मी तो पायात भरून वर इमारत बांधली. इमारतीवर नाव मात्र दुसऱ्याचे कोरले.

तिच्यापाशी क्षमा मागायची राहून गेली. अर्जुनाला निदान मागता आली.

शंका

आता येथे कोणी शंका घेईल : मग दूरच राहावे हे बरे! देवाशी, संतांशी, घरच्या माणसांशी अंतर राखून वागले तर आदर टिकेल.

समाधान

या शंकेचे उत्तरही त्याच अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहून अर्जुनाने काय मागितले? "देवा, हेच रूप मला रोज दिसू दे" असे नाही. तो म्हणतो, पूर्वी कधी न पाहिलेले पाहून हर्ष झाला खरा, पण मन भयाने व्याकुळ झाले. तुझे ते किरीट घातलेले, गदा-चक्र धरलेले ओळखीचे रूप मला दाखव. आणि भगवंताने पुन्हा सौम्य रूप धरल्यावर त्याचा जीव ठिकाणावर आला.

म्हणजे नुसत्या आश्चर्यावर कोणाला जगता येत नाही. विजेच्या लखलखाटात कोणी स्वयंपाक करू शकत नाही, त्याला समईच हवी. म्हणून परिचय हवाच. अर्जुनाला शेवटी मिळाला तोही परिचयच, तोच सखा, तोच सारथी, तोच रथ. पण आता लगाम धरणारा कोण आहे हे त्याला ठाऊक होते. माझे म्हणणे असे की प्रत्येक थोर वस्तूची ओळख दोनदा व्हावी लागते. पहिली ओळख सवयीची. मधे केव्हा तरी डोळे उघडतात. मग दुसरी ओळख, ती जाणिवेची. पहिलीलाच जो शेवटची समजला, तो फसला.

आणि या दुसऱ्या ओळखीतच सलगी शोभते. आपल्या संतांनी देवाशी काय थोडी सलगी केली? जनाबाई देवाला खुशाल बोल लावी, त्याच्याशी भांडे. पण भांडताना तिचे दळण थांबले काय? शेणी थापणे थांबले, नाम थांबले? नाही. सलगी आणि अवज्ञा ओळखायची खूण हीच. सलगी बोलण्यात असते, सेवेत नसते. अवज्ञा याच्या उलट, बोलणे आदबशीर राहते आणि सेवा गळून पडते. आपण चंद्रभागेला आई म्हणतो, आणि स्नान झाले की ओले जुने कपडे तिच्याच वाळवंटात टाकून उठतो. इंद्रायणीला तीर्थ म्हणतो, आणि अलीकडच्या वर्षांत आळंदीत तिच्या पाण्यावर मैल्याचा पांढरा फेस तरंगताना आपण उघड्या डोळ्यांनी पाहिला. शब्द "आई" हाच राहिला, सेवा कोठे गेली?

परिचयाची झीज दगडालाही चुकली नाही. पंढरीच्या मूर्तीचे चरण पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी झिजत आले, म्हणून सन १९८८ पासून मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप करावा लागला. मला या गोष्टीत एक गोडवा दिसतो. आपल्या जवळिकीने देव झिजतो, पण पाय मागे घेत नाही. आपली आई, आपली बायको, आपला भाऊ, दिंडीत पहाटे उठून पाणी तापवणारा गडी हीही माणसे अशीच झिजतात आणि पाय मागे घेत नाहीत. त्यांना वज्रलेप कोण करणार? तो आपल्या दोन शब्दांनी आणि दोन हातांनीच व्हायचा.

नेमाचे रहस्य

सन २०२० मध्ये महामारीमुळे पालख्या पायी निघू शकल्या नाहीत. पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, आणि २०२१ लाही तसेच झाले. त्या दोन आषाढींत कित्येक जुने वारकरी घराच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले. जी वाट चालून चालून पायांना पाठ झाली होती, जिच्या चिखलाला आणि उन्हाला आपण दरवर्षी थोडे कुरकुरत होतो, ती वाट बंद झाल्यावर तिचे मोल कळले. २०२२ मध्ये पुन्हा पायी सोहळा निघाला तेव्हा दिवेघाटाची चढण कोणाला जड वाटली नसेल.

पण दरवेळी हरवूनच किंमत कळावी, हे काही भल्याचे लक्षण नव्हे. आणि पूर्वजांनी नेम घालून दिला तो याचसाठी, असे मला वाटते. कौतुक हे पाहुण्यासारखे आहे, येते आणि जाते. ते ओसरले तरी पाय चालत राहावेत, ओठ हलत राहावेत, म्हणून नेम. नेम चालू राहिला तर एखाद्या दिवशी, शंभरदा म्हटलेल्या चरणाशी, अकस्मात डोळे उघडतात. नेम सुटला तर तो दिवस आला तरी आपण तिथे नसतो.

तर मग आचरणात काय आणावे? तीन गोष्टी सुचवतो.

एक : हरिपाठ रोजच्यासारखा म्हणावा, पण रोज त्यातल्या एका चरणापाशी थांबावे आणि याचा अर्थ मला कोणी विचारला तर काय सांगेन, असे मनाशी म्हणावे. सव्वीस अभंग सवयीने गेले तरी चालतील, एक जाणिवेने जावा.

दोन : दर एकादशीला घरातल्या किंवा दिंडीतल्या एका माणसाला, त्याच्याकडून आपल्याला काय मिळाले ते तोंडाने सांगावे. लाज वाटेल. वाटू द्यावी. मला ती वेळेवर वाटली असती तर बरे झाले असते.

तीन : ज्याला आपण आई, माउली, तीर्थ म्हणतो, त्याची एक तरी सेवा हाताने करावी. नदीत काही टाकू नये, कोणी टाकलेले दिसले तर उचलावे. माउली म्हणून ज्याच्या पाया पडलो, त्याचे ओझे चार पावले उचलावे.

हल्ली मी प्रवचनाला बसलो की मंगलाचरणानंतर आधी आईचे नाव घेतो आणि हरिपाठ तिने शिकवला असे सांगतो. ते दोन शब्दही तिने म्हटले तसेच म्हणतो, आणि पुस्तकातला पाठ कोणता तेही सांगतो. श्रोते हसतात. नातही हसते. तिला मात्र दोन्ही पाठ आहेत.

रामकृष्णहरी.